कोपराखालचा हात

दुबईत नव्याने भरलेल्या एका बेसबॉल स्पर्धेतल्या खेळाडूंची तपासणी आमच्या क्लिनिककडे आली होती. मी फिजिओथेरपिस्ट. बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण खांदे कळत होते. निदान तसा माझा समज होता.

त्यांच्यात एक कोरियन पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, एकोणचाळिशीचा होता. वीस वर्षं तो तिकडे व्यावसायिक खेळला आणि मग क्लबने त्याला एका फोनवर काढून टाकलं. शेवटचं एकदा मैदानात उभं राहून चेंडू टाकायचा, एवढ्यासाठी तो इथे आला होता. सामना शुक्रवारी होता.

पहिल्या दिवशी त्याने फॉर्म दिला तो उजव्या कोपराखाली डावा हात धरून. मी विरघळलेच. मोठ्यांना काही देताना आपणही असाच हात लावतो. आमच्याकडे कागद टेबलावर भिरकावणारेच जास्त, त्यांत हा एवढा सभ्य! बाटली घेताना, टॉवेल देताना, दर वेळी तसंच. हात वर करताना तो हसून "नो पेन" म्हणाला आणि मी फार खोलात न शिरता "फिट" लिहून दिलं. शारजाचा रस्ता तुंबायच्या आत मला घरी निघायचं होतं, हेही खरं.

गुरुवारी तो मसाजला आला. मी चहा पुढे केला, तेव्हा त्याच्या डाव्या हातात फोन होता. त्याने उजव्या हाताने कप घेतला आणि तो हात सरळ खालीच गेला. चहा फरशीवर. कपभर चहा पेलेना त्या हाताला! म्हणजे कोपराखालचा तो डावा हात अदबीचा नव्हता, आधाराचा होता. मला स्वतःची लाज वाटली आणि त्याचा संतापही आला.

"यू चीटेड मी," मी म्हणाले.

"मॅडम, वन बॅटर. ओन्ली वन. प्लीज."

"नो. तुमचा हात कायमचा जाईल. मी कोचना फोन करतेय."

नंबर लावणार तोच त्याने हात आडवा केला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "क्लबने सांगितलं, थांब. आता तुम्ही सांगणार, थांब. या वेळी मला सांगू द्या."

मी नंबर लावून फोन त्याला दिला. तो उठून उभा राहिला, टोपी काढली.

"कोच, आय फिनिश. टुडे."

खांद्याबद्दल अवाक्षर नाही. पलीकडून कोच समजूत घालत असावा.

"नो, कोच. माय डिसिजन."

त्याचा आवाज खणखणीत होता. मी तोंड फिरवून रडले.