मुदतीबाहेरच्या मावशी

अर्जदार: स्त्री, विधवा, साठीच्या पुढची. व्यवसाय: शिवणकाम. ओळखीची खूण: डाव्या तर्जनीवर सुईचे जुने व्रण. पूर्वेतिहास: परदेशात पर्यटक म्हणून प्रवेश, एकही पर्यटनस्थळ न पाहता मुदतीपलीकडे वास्तव्य. मायदेशी परतण्याची शाश्वती: नाही.

गल्लीत त्यांना टेलरमावशी म्हणतात. घराची पुढची खोली हेच दुकान: एक मशीन, एक आरसा, दोरीवर लोंबणारे अर्धवट ब्लाउज. मावशींचा मंगळवार शुक्रवारी उजाडतो, हे गिऱ्हाइकांना पाठ होतं.

"मावशी, नक्की कोणत्या महिन्यातला मंगळवार?"

"लग्न तुझं आहे का? मग घाई कसली?" तोंडातली टाचणी न काढता मावशी म्हणायच्या. कापडाला शिवणीपुरती माया सोडतात, तशी त्या तारखेलाही सोडत.

लेकीच्या बाळंतपणासाठी त्या पहिल्यांदा विमानात बसल्या. तिकडच्या अधिकाऱ्यानं पासपोर्टवर शिक्का मारला आणि कधीपर्यंत राहायचं ती तारीख घातली. बाळ अपुऱ्या दिवसांचं निघालं, काचेच्या पेटीतून घरी यायलाच त्याला वेळ लागला. लेक पार खचली. तारीख जवळ आली तसा जावई म्हणाला, "आई, मुदतवाढीचा अर्ज करू या. आत्ताच केला तर मिळेल."

"जावईबापू, बाळाकडे बघू की कागदांकडे? चार दिवस इकडेतिकडे व्हायचेच. तारीख म्हणजे आपला एक अंदाज."

जावयानंही ताणून धरलं नाही. त्यालाही कुणीतरी बाळाला घेतलं की झोप मिळत होती. ते चार दिवस बाळाला दात येईपर्यंत लांबले.

निघताना अधिकाऱ्यानं पासपोर्ट पाहिला, कॉम्प्युटरवर काहीतरी टिपलं आणि हसून निरोप दिला. "एका शब्दानं बोलला नाही हो!" मावशी गल्लीभर सांगत होत्या. बोलायचं काम त्यानं कॉम्प्युटरकडे सोपवलं होतं.

नातू शाळेत जाऊ लागला आणि लेकीला कॅन्सर निघाला. तिला प्रवासाची मनाई. मावशींनी व्हिसासाठी अर्ज केला, डॉक्टरांचं पत्र जोडलं. नकार आला: अर्जदारानं पूर्वी मुदत मोडली आहे, शिवाय मुलगी आजारी असल्यानं अर्जदार वेळेत परत जाईल याची खात्री वाटत नाही. ज्या कारणासाठी जायचं, त्याच कारणासाठी येऊ द्यायचं नाही. दुसरा अर्ज केला. त्याचा नकार पहिल्यापेक्षा लवकर आला.

"एकदा मुदतीपलीकडे राहिल्याचा, ओव्हरस्टेचा शेरा लागला की दर वेळी तोच वर येतो, मावशी," व्हिसाचं काम बघणारा एजंट म्हणाला. "तेव्हा मुदतवाढ मागितली असती, तर आज हे झालंच नसतं."

"मग आता माफी मागते की."

"कोणाकडे?" एजंटनं विचारलं. त्यालाही खरंच माहीत नव्हतं.

फोनवर लेकीचा आवाज बारीक झाला होता. "आई, कधी येतेस?"

"मंगळवारी."

लेक हसली. "म्हणजे शुक्रवारी."

"हो गं, शुक्रवारी."

लेक बुधवारी गेली. अंत्यविधी मावशींनी फोनवर पाहिला. जावयाच्या हातातला फोन कलंडला होता, त्यामुळे बराच वेळ नुसतं छत दिसलं.

महिन्याभरानं एजंट भेटायला आला. माणूस वाईट नाही. म्हणाला, "मावशी, राग मानू नका. आता तिकडे मुलगी नाही म्हटल्यावर तुमची केस तशी मजबूत झालीय. नातवासाठी टाकू या का अर्ज?"

त्याच्या शर्टाचं एक बटण लोंबत होतं, मावशींनी तेवढं पक्कं करून दिलं.

मुदत न पाळणारी व्यक्ती, ही त्यांची नोंद तिकडे अजून आहे. हल्ली मावशी मंगळवारचे कपडे मंगळवारीच तयार ठेवतात. गिऱ्हाइकं शुक्रवारी येतात.