अल्काआत्याचे पाय

माझी अल्काआत्या देवरीजवळच्या आमच्या गावात उभा जन्म अंगणवाडी सेविका होती. निवृत्त झाल्यावर आता घरी बसेल, नातवंडं सांभाळेल, असं आम्हाला वाटलं. तर हिने पासपोर्ट काढला! विहारातल्या भन्तेजींच्या ओळखीने श्रीलंकेतल्या एका बालगृहात तीन महिने सेवा करायला निघाली.

"तुला तिकडची भाषा येते का?" मी विचारलं.

"लेकरांची येते," ती म्हणाली. आत्याशी वाद घालण्यात काही अर्थ नसतो. मी तिची बॅग भरून दिली.

तिथे ती पोरांशी खुशाल झाडीबोलीत बोलायची, पोरं सिंहलीत उत्तरं द्यायची आणि सगळ्यांचं बरं चालायचं. शेंबूड पुसायला, वेण्या घालायला भाषा लागते कुठे! संध्याकाळच्या वंदनेत 'बुद्धं सरणं गच्छामि' आलं की तेवढं मात्र दोन्हीकडे सारखं. त्या पोरांत सात वर्षांची नदीशा होती. वडील नाहीत, आई कामासाठी आखातात गेलेली. ती पहिल्याच दिवशी आत्याच्या पदराला चिकटली.

दुसऱ्या सकाळी शाळेला निघताना नदीशा आत्यासमोर गुडघे टेकून तिच्या पायांवर वाकली. आत्या चटका बसल्यासारखी मागे सरली. "अवो पोरी, ऊठ! पाया नोको पडू!" असं ओरडत तिने पोरीला दंड धरून उभं केलं.

यामागे होते माझे आजोबा, म्हणजे आत्याचे वडील. ती त्यांना 'बाबू' म्हणायची. त्यांनी लहानपणी आपल्या बापाला मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, पायांवर डोकं ठेवून धान मागताना पाहिलं होतं. ते त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. "अल्के, हात जोडजो," ते आत्याला सांगायचे, "पन कोनाच्या पाया पडजो नोको, अन् कोनाले आपल्या पाया पडू देजो नोको." आत्याने तो शब्द स्वतःच्या लग्नातही पाळला होता.

पण हे नदीशाला कोण सांगणार? तिला एवढंच कळलं, की या बाईने आपल्याला झिडकारलं. ती आत्याजवळ येईना, वेण्याही दुसऱ्या बाईकडून घालून घेऊ लागली. शेवटी बालगृहाच्या बाईंनी, टीव्हीवरच्या मालिका पाहून शिकलेल्या हिंदीत, आत्याला समजावलं. "इधर बच्चा झुकता, बड़ा सिर पे हाथ रखता, फिर स्कूल जाता. आपने हाथ नहीं रखा. वो सोचती, मुझमें कुछ खराब है."

त्या दुपारी आत्याने मला फोन केला आणि चक्क रडली. भल्याभल्या साहेबांना सुनावणारी माझी आत्या!

"बाबूचा शबद मोडू का पोट्टीचं मन मोडू, सांग."

"तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे," मी म्हटलं. "पडू दे की पाया."

"तीन महिन्यासाठी बाप बदलवू का?" तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पोरांची शाळेला निघायची वेळ झाली, तशी आत्या ओसरीवर फरशीवरच मांडी घालून बसली. दोन्ही पाय लुगड्याखाली पक्के झाकलेले. नदीशा कडेकडेने जाऊ लागली, तेव्हा आत्याने हाक मारून समोरची जागा थोपटली. पोर बराच वेळ उभीच. मग गुडघ्यांवर बसली आणि वाकण्यासाठी पाय शोधू लागली. पाय नव्हतेच. समोर होता आत्याचा चेहरा, अगदी तिच्या चेहऱ्याएवढ्याच उंचीवर. आत्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लवकर काढलाच नाही. नदीशा तिच्याकडे पाहत राहिली. काय वाटलं कोण जाणे, तिनेही आपला छोटा हात उचलून आत्याच्या पिकल्या केसांवर ठेवला.

परत आल्यावर हे मला सांगताना आत्या तांदूळ पाखडत होती. मधेच तिचे हात थांबले.

"बाबू गेल्यापासून माह्या डोक्यावर कोनी हातच ठेवला नव्हता वो," ती म्हणाली.

मी तिच्या हातातलं सूप बाजूला ठेवलं आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले.