वेंडेलच्या गाडीची गुळगुळीत पाठ

वेंडेल क्रूगरच्या हातांना कधी स्वस्थता नव्हती. विस्कॉन्सिनच्या कागद गिरणीत सदतीस वर्षं यंत्रं दुरुस्त केली, निवृत्त झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र न विचारता खोलून बसला. शेवटी बायकोच कंटाळली. "घे बाबा ती तुझी गाडी एकदाची," मार्लिस म्हणाली, "माझ्या मिक्सरला तरी हात लावणार नाहीस." अशी ती पंच्याहत्तर सालची लाल स्पोर्ट्स कार दारात आली. दोनच माणसांची, बुटकी, जमिनीला चिकटून चालणारी.

गाडीवर त्याचा भारी जीव. पण मागच्या बंपरवरचे दोन काळे रबरी गार्ड त्याच्या डोळ्यांत सलायचे. पार्किंगमध्ये मागून कुणी टेकलं तर पत्रा वाचावा म्हणून कंपनीनं लावलेले, बिचारे आपलं काम करत होते. वेंडेलला मात्र ते देखण्या चेहऱ्यावरच्या चामखिळींसारखे वाटत. ऑक्टोबरच्या शेवटी एका सकाळी त्यानं ते काढूनच टाकले.

काढल्यावर कळलं की त्यांचे बोल्ट बंपरपाशी थांबतच नव्हते, मागचा पत्रा भेदून थेट सीटमागच्या सामानाच्या जागेत गेले होते. अंगठा जाईल एवढी चार भोकं उघडी पडली आणि वीतभर खाली सायलेन्सरची धूर ओकणारी नळी.

गिरणीतला जुना वेल्डर ऑर्टन बघायला आला. खाली वाकला आणि त्याचा चेहराच पडला.

"माझ्याकडे आण, बुजवून देतो. तोवर रबरी बुचं ठोक."

"बुचं? दोन चामखिळी काढून चार मुरमं बसवू होय रे?"

"मस्करी नको, वेंडेल. धूर आत जाईल. त्यातल्या विषारी वायूला वाससुद्धा नसतो."

"शनिवारची फेरी होऊ दे. वेल्डिंग केलंस तर रंग जळेल. सोमवारी आणतो, शपथ."

आमच्याकडे नोव्हेंबरात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ जुना पत्रा वाळवीसारखं खातं. म्हणून पहिलं मीठ पडायच्या आत आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबची मंडळी एक शेवटची फेरी मारतात. मग एप्रिलपर्यंत गाड्या झाकून ठेवायच्या. ही फेरी चुकवणारा माणूस आमच्यात अजून जन्मायचाय. शहाणी माणसं त्या एका दिवसासाठी काय काय वेडेपणा करतात! वेंडेलनं भोकांवर चांदीची चिकटपट्टी लावली, वर लाल रंग फवारला, मेण घासलं. तळहात फिरवला तरी जोड लागेना. स्वतःवरच खूश झाला.

शनिवारी पारा गोठणबिंदूखाली होता. काचा बंद, हीटर पुरा. चाळीस मैल झाले तेव्हा मार्लिस कपाळ दाबत म्हणाली, "डोकं चढलंय रे माझं."

"नाश्ता केला नाहीस ना, म्हणून." डोकं त्याचंही ठणकत होतं. काल मासे खाताना ब्रँडी जरा जास्तच झाली, असं त्यानं ठरवून टाकलं.

"काच उघड जरा."

त्यानं उघडली. गारठा असा आत घुसला की तीच कुडकुडली. "राहू दे, बंद कर." दोन वर्षांपूर्वी तिच्या हृदयात स्टेंट घातला होता, थंडी तिला सोसत नसे. पुढच्या दहा मैलांत ती सीटमध्ये कलली. मान काचेला टेकलेली, डोळे मिटलेले. चला, झोपली, बरं झालं, असं त्याला वाटलं.

चीजच्या दुकानासमोर गाड्या थांबल्या. वेंडेल बाहेर पडला आणि दोन मिनिटांत त्याचं डोकं हलकं झालं. मोकळी हवा ती मोकळी हवाच, असं म्हणत त्यानं खिडकीतून बायकोकडे पाहिलं. गाल कसे गुलाबी झाले होते तिचे! कितीतरी दिवसांनी चेहऱ्यावर रंग दिसला. उठवायचं त्याच्या जिवावर आलं. थंडी वाजू नये म्हणून इंजिन आणि हीटर चालूच ठेवले, दार अलगद लावलं.

मंडळी मागच्या बाजूला जमली. "अरे, गार्ड कुठे गेले? काय पाठ दिसतेय गाडीची!" कुणी फोटो काढले, कुणी कॉफी आणून हातात दिली. वेंडेल तासाभराचं काम पाऊण तास रंगवून सांगत होता. अशी वाहवा गिरणीत सदतीस वर्षांत त्याच्या वाट्याला आली नव्हती.

ऑर्टनची गाडी वाटेत रखडली होती, ती सगळ्यांत शेवटी पोचली. तो उतरला, सवयीनं खाली वाकला. नळीच्या उष्णतेनं पट्टी खालून सुटून वळली होती, भोकांच्या कडा काजळीनं काळ्या झाल्या होत्या.

"इंजिन चालू का आहे?"

"मार्लिस झोपलीये आत. थंडी वाजेल तिला."

ऑर्टन धावला. दार ओढलं तशी ती बाहेरच कलंडली. त्यानं तिला खडीवर आडवी केली आणि छाती दाबायला लागला.

"हळू रे, हळू," वेंडेल मागून म्हणत होता, "झोपू दे तिला, रात्री झोप झाली नाही तिची."

अठरा मिनिटांनी अ‍ॅम्ब्युलन्स आली. तिला उठवायचा प्रयत्न त्यांनी फार वेळ केला नाही.