देवाच्या रानाचं गाऱ्हाणं

हत्तीने दशरथ गवसाला आधी घराच्या चिरेबंदी भिंतीवर आपटलं आणि मग त्याच्यावर पाय दिला. धाकटा भाऊ सीताराम मुलुंडहून गावी, आंबेखोलला पोचला, तेव्हा त्याच्यापुढे ताडपत्रीचं एक गाठोडं ठेवलं गेलं. त्याने गाठ सोडायला हात पुढे केला. लोकांनी हात धरला.

मोडलेलं शरीर सीतारामला नवं नव्हतं. मुलुंडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये तो उभी हयात पॉवर प्रेसवर काम करत आला. प्रेसने त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं घेतली, ती कापलेल्या पत्र्याबरोबर खाली डब्यात पडली. हात बरा झाल्यावर तो पुन्हा त्याच मशीनवर जाऊन बसला. प्रेसचा राग येतो का, असं बायकोने, जानकीने, एकदा विचारलं होतं. त्याला प्रश्नच कळला नाही.

हत्तीचा मात्र त्याला राग आला. तेरावं उरकून तो एकटाच सातेरीच्या रानात गेला. गावाने पिढ्यान्‌पिढ्या देवीच्या नावावर न तोडता राखलेलं ते रान. आत झऱ्याच्या चिखलात हत्ती उभा होता. पाठीची कातडी जळून सोललेली, जखमेवर माश्यांचा थर. गावकरी रात्री पेटते टायर फेकायचे, आणि त्यांच्या पुढे दशरथ असायचा. झाडांच्या फटीतून वरचा डोंगर दिसत होता. तिथलं जंगल कधीच गेलं होतं, आता रबराची रोपं रांगेने लावलेली होती. त्या उघड्या डोंगरावरून उतरलेल्या जनावराला सावली आणि पाणी एवढ्याच तुकड्यात उरलं होतं. सीतारामच्या मुठीत धोंडा होता. हत्ती मरावा असं त्याला मनापासून वाटलं. मग वाटलं, हे रान गेलं तर हा उभा कुठे राहील? घरांत. पुन्हा पेटते टायर, पुन्हा ताडपत्री. धोंडा टाकून तो मुंबईला परतला.

मुंबईत गावच्या मंडळाने ठरवून टाकलं होतं. रान तोडायचं, फटाके लावून हत्तीला बाहेर काढायचं, आणि उताराच्या चरात विजेची उघडी तार टाकून ठेवायची. तारेचं काम दशरथच्या मुलाने, विकीने, अंगावर घेतलं. विकी भांडुपला राहायचा, लिफ्ट दुरुस्त करायचा. बाप गेल्यापासून तो झोपला नव्हता.

अडचण एकच होती. देवीच्या रानाला हात लावायचा तर आधी गाऱ्हाणं घालावं लागतं, म्हणजे नारळ ठेवून सगळ्यांच्या वतीने देवापुढे मागणं मांडावं लागतं, आणि ते घालण्याचा मान गवसांच्या वडीलधाऱ्याचा. आजवर तो दशरथकडे होता, आता सीतारामकडे आला. सीताराम नाही म्हणाला. रान राहू दे, तारही नको, असं त्याने मंडळाचे अध्यक्ष मधुकर दळवी यांना घरी जाऊन सांगितलं. मधुकररावांनी चहा पाजला, मुंबईत गाऱ्हाणं घालून नारळ गावी न्यायच्या मंडळाच्या रीतीची आठवण करून दिली, आणि रविवारी दुपारी सोसायटीच्या हॉलमध्ये माणसं बोलावली.

हॉलमध्ये पाटावर नारळ ठेवला होता. विकी काकाच्या अगदी समोर उभा राहिला.

"माझ्या बापाला घमेल्यात भरला, काका. आणि तू झाडांची वकिली करतोस?"

"जागा नाय उरली तर तो घरात घुसणार, रे."

"घुसायच्या आधी जळेल ना. बस झालं आता. घाल गाऱ्हाणं."

मागून कोणीतरी म्हणालं, याचे भाऊबंद तिकडे सोंड हलवत असतील. लोक हसले. सीतारामने टोपी डोक्यावर ठेवली आणि पाटापुढे उभा राहिला. मधुकररावांनी डोळे मिटून हात जोडले. काम झालं, असं त्यांना वाटलं.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"तेंका सुखी ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"माझ्या दशरथाच्या जिवाक थारो दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." विकीचा आवाज फुटला.

सीताराम थांबला.

"जो कोण तुझ्या रानाक कुऱ्हाड लावतलो, तेच्या घरात दिवो लावक कोण उराक नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

जन्मापासून जिभेला लागलेली सवय. शब्द कानात शिरण्याआधी ओठांतून होकार गेला होता. मधुकररावांनी डोळे उघडले.

विकीने घडीची लोखंडी खुर्ची उचलली आणि काकाच्या तोंडावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. सीताराम खाली पडला, तेव्हा आणखी तिघे धावले. बरगड्यांत लाथा बसल्या. चांगले बूट होते, रविवारचे. कोणीतरी त्याचा अधू हात टाचेखाली रगडला. वॉचमन आला तेव्हा लादीवर दात पडले होते, आणि नारळाला कोणी शिवायला तयार नव्हतं.

हॉस्पिटलात सीतारामने खुर्ची अंगावर पडली म्हणून सांगितलं.

गाऱ्हाण्याचं त्याच संध्याकाळी फोनवरून गावभर झालं. ठरलेल्या दिवशी बाहेरची माणसं मशीनच्या करवती घेऊन आली, पण पहिलं झाड दाखवायला गावातून एकही बोट वर झालं नाही. माणसं परत निघाली, तेव्हा विकीने त्यांच्यातल्या एकाच्या हातून करवत हिसकावली आणि मशीन चालू केली. त्याची आई खोडाला पाठ लावून बसली. तिला रानाशी घेणं नव्हतं. नवऱ्याला मारणारा आत श्वास घेतोय हे तिला माहीत होतं. एकच मुलगा उरला होता, आणि मंडळाने होकार दिलेला शाप पहिल्या घावाला त्याच्यावरच येणार होता.

"आधी माका काप," ती म्हणाली.

मशीन बराच वेळ नुसती गुरगुरत राहिली. मग त्याने ती बंद केली. चरातली तार टाकायची राहिली. हत्तीला हुसकायला रानात शिरणारं कोणी उरलं नव्हतं.

पुढे एकदा विकी मुलुंडला आला. सीतारामचा जबडा तारेने बांधलेला होता, तो वाटीतून पेज ओढत होता. जानकीने विकीलाही वाटी दिली. त्याने ती खाली ठेवली.

"शाप घालताना मी आठवलो नाही तुला?"

"आठवलास." सीतारामच्या दातांमधून शब्द चिरडून येत होते. "म्हणून तर घातला."

"आणि उद्या त्याने आणखी कोणाला मारलं तर?"

सीतारामने वाटी खाली ठेवली. हनुवटीवरून पेज ओघळत होती, ती त्याने पुसली नाही.

"ते माझ्या डोक्यावर."

विकी त्याच्याकडे बघत राहिला, जणू मोडायला आणखी एक जबडा कुठे आहे ते शोधत होता. मग उठून चपला पायात न घालताच जिना उतरला.