तीन पायांच्या बाबूचा जामीन

आता हसणारच असाल तर आधीच हसून घ्या, कारण पुढं मला बोलू द्यायचं नाही असं ठरवून बसलेले चेहरे मला दिसायलेत!

मी जनवाड्यात कपडे शिवतो. दोरे-बटणं आणायला बीदरला गेलो आणि कुत्रा घेऊन आलो. तोही तीन पायांचा! एक पाय गाडीखाली गेलेला. जखमी कुत्री सांभाळणाऱ्या पोरांनी त्याला बरा केला होता. त्यानं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि दोरे-बटणं मी तिथंच विसरलो.

बायकोनं दारातच अडवलं.

"अवो, हे काय घिऊन आलात?"

"बाबू. आजपासून आपला."

"हा गावभर दारोदार तोंड घालत हिंडंल. लोक म्हणतील, टेलरच्या घरी खायाला मिळत न्हाई! एकदा जरी हिंडला तर बीदरला माघारी, सांगून ठेवते!"

"अगं, तीन पायांवर कुठं हिंडायलाय तो? मी जामीन!"

झालो जामीन. बाबू माझ्या पायावर डोकं ठेवून झोपायचा, मग मी मशीन चालवायचो नाही. गिऱ्हाइकं शिव्या द्यायची. देऊ देत! जीव जडला होता माझा.

अशात आली येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं अख्खं गाव रानात जेवतं, आणि रानात आलेल्याला कुणी उपाशी सोडत नाही. आमच्याही तुकडाभर रानात पूजेसाठी कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, उभं केलं. बिचाऱ्याला चालवायचं नाही म्हणून बाबूला मी कडेवर नेला!

पूजा झाली, जेवण झालं, मी कोपीबाहेर जरा लवंडलो. उठून बघतो तर बाबू गायब!

बायको कोपीच्या तोंडाशीच बसलेली. तिला विचारावं, तर बाबू गेला बीदरला. "जरा पाय मोकळे करून येतो," म्हणालो आणि सटकलो.

शेजारच्या रानात शरणअप्पा. बघताच कानडीत जेवायला बोलावू लागले.

"बर्री, बर्री, टेलरअण्णा! ऊटा माडी!"

"जेवून आलोय, अप्पा."

"मग माझ्या रानात कामून आलात?"

काय सांगू? कुत्रा हरवलाय म्हणालो तर बातमी माझ्याआधी बायकोकडं पोचणार. म्हटलं, जेवायलाच आलो! पालेभाज्या-शेंगांची भज्जी आली, बाजरीचे उंडे आले, वर तांब्याभर आंबील. मी खाता खाता कडब्यामागं डोकावतोय. अप्पाला वाटलं, खीर शोधतोय. खीरही आली!

पुढच्या रानात तेच. त्याच्या पुढच्या रानातही तेच! आणि आंबील माहीत आहे ना तुम्हाला? ज्वारीची, ताकातली, चांगली आंबलेली. पोटात गेली की डोळे आपोआप मिटतात. शेवटी एका बाभळीखाली बसलो तो बसलोच. रडू येत होतं, पण रडायलाही पोटात जागा नव्हती.

तेवढ्यात समोरून बायको आली. आणि तिच्यापुढं टुणटुण उड्या मारत कोण? बाबू!

"हा... हा कुठं सापडला?" मी विचारलं.

"हरवला कवा व्हता? कोपीत आंबिलीच्या मडक्यामागं माझ्या शालीत निजला व्हता की!" बायको कंबरेवर हात ठेवून उभी. "तुमचं काय चाललंय? समद्या रानातनं निरोप यायलेत मला. टेलरला घरी जेवायला घालत जा म्हणायलेत! दारोदार कामून हिंडायलात?"

मी सगळं कबूल केलं. बाबू माझ्या बोटांवरची खीर चाटत होता. बायको आधी रागावली, मग हसली, मग हसता हसता खालीच बसली. बाबूचं डोकं कुरवाळत म्हणाली, "ह्याला तुम्ही जामीन राहिलात. तुम्हाला जामीन कोण ऱ्हाणार?"

संध्याकाळी बाबू सगळ्यांच्या पुढं उड्या मारत घरी गेला. मला मात्र दोन गड्यांनी धरून आणलं.

बाबू आता कायमचा आमचा. माझ्याबद्दल मात्र बायको म्हणते, बीदरला विचारून बघते, दोन पायांचं ठेवून घेतात का!