दोन खड्डे

गेल्या गुढीपाडव्याला बहिणीच्या घरी मी, मेहुणे आणि एजंट बसलो होतो. भाच्याला रशियात ‘हेल्पर’ म्हणून पाठवायचे तीन लाख दिले. सोलापुरात हेल्पर म्हणजे यंत्रमागावर हाताखाली काम करणारा, एवढंच आम्हाला ठाऊक. तिथं त्याच्या हाती बंदूक दिली आणि आघाडीवर धाडलं.

दिवाळीनंतर त्याची शवपेटी आली, न उघडण्याच्या हुकमासकट. आम्ही लिंगायत, मृताला बसवून पुरतो. म्हणून खड्डा चौकोनी खणला होता. पेटी त्यात मावेना.

काठावर दोन पाहुण्यांचा वाद सुरूच होता.

“पहिली चूक युक्रेनचीच हाय की!”

“टीव्ही बघून सांगताय व्हय?”

बहीण मला म्हणाली, “अण्णा, माझ्या लेकाला बसवा की.”

शेजारी लांब खड्डा खणावा लागला. खणणाऱ्याला दोन्ही खड्ड्यांचे मिळून चार हजार दिले.