फोननं वाचलेले अठरा

सातारा स्टँडवर माझ्या शेजारच्या अंध, निवृत्त फौजीनं फोनचा आवाज मोठा केला. बर्फात नेमलेल्या त्याच्या पोराच्या ठाण्याचं तापमान फोननं वाचलं, "अठरा अंश." त्याची बायको हसली आणि पाणी आणायला गेली.

मी घरातला पहिला पदवीधर, वेबसाइटच बनवतो. राहवलं नाही. "आजोबा, उणे अठरा आहे. उण्याच्या खुणेऐवजी साधी जोडरेघ टाकलीय, ती फोन वाचत नाही. कळवतो त्या वेबसाइटवाल्यांना."

"ठावं हाय रं." दोनच बोटं उरलेल्या हातानं त्यानं माझं मनगट धरलं. "बाकीची तिथल्या थंडीनंच नेली. कळवू नगंस गड्या, तिला झोप लागती."

ती परतली. "बाळा, तू शिकलेला दिसतुयास. बघून सांग, अठराच हाय न्हवं?"

स्क्रीनवरची रेघ अंगठ्यानं झाकत मी म्हणालो, "व्हय, आजी."